अन्नावरचा पहारा



एकादशी असो, महाशिवरात्र असो की नवरात्र असो, आपल्या बीड जिल्ह्यात उपवासाच्या दिवशी घरोघर भगर शिजते. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघालेला वारकरी आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं नवरात्र धरणारी सासुरवाशीण, दोघांचाही आधार भगर आणि शेंगदाण्याची आमटी. पण गेल्या काही वर्षांत सणावाराच्या दिवसांत मराठवाड्यात आणि शेजारच्या विदर्भात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या आहेत.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट घ्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा नावाचं गाव आहे. तिथे हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि रात्री शेकडो माणसांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. मग बाहेर दोऱ्या बांधल्या, त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसांना उघड्यावर जमिनीवर निजवून उपचार केले. सप्ताह आपल्याकडेही गावोगाव होतात. म्हणून ही गोष्ट दूरची मानून चालणार नाही.

भगरीतच हे का होतं? भगर हवेतली ओल लवकर धरते, आणि पीठ तर त्याहून लवकर. ओल धरली की ॲस्परजिलस जातीची बुरशी चढते आणि ती विषारी द्रव्यं तयार करते. हे विष डोळ्यांना दिसत नाही, आणि नुसत्या शिजवण्याने ते जाईलच असंही नाही. नाशिककडच्या गिरणीतून निघालेलं पोतं ठोक व्यापाऱ्याच्या गुदामात येतं, तिथून तालुक्याच्या बाजारात आणि तिथून गावच्या किराणा दुकानात. ते किती दिवस पडून होतं, कुठे भिजलं, गेल्या वर्षीचं शिल्लक पीठ त्यात मिसळलं की काय, हे पाव किलो सुटं पीठ पदरात घेणाऱ्या बाईला कसं कळावं?

ते तिला कळू शकत नाही, म्हणूनच सरकारने पहारा ठेवायचा असतो. ही कल्पना काही आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल-तूप, मीठ, औषधं यांत तशाच दिसणाऱ्या पदार्थाची भेसळ करणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. पण दंड सांगून कौटिल्य थांबला नाही. बाजारावर देखरेख ठेवायला त्याने संस्थाध्यक्ष नावाचा अधिकारीही नेमायला सांगितला. शिक्षा आणि फेरी, दोन्ही हवीत, हे त्याला ठाऊक होतं.

स्वतंत्र भारतात १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली, आणि तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. कायदा चांगला आहे. जिल्ह्याला पदनिर्देशित अधिकारी, त्याच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी, आणि नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत विश्लेषकाचा अहवाल, अशी सगळी व्यवस्था त्यात आहे.

मग लोकांना काळजी कसली वाटते? काळजी अशी की कागदावरचा पहारेकरी बाजारात दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके. आष्टी-पाटोद्याकडचं दूध तपासायचं, दिवाळीचा खवा तपासायचा, २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखा पकडायचा, आणि भगरीची पोतीही त्याच मोजक्या माणसांनी बघायची. प्रयोगशाळांचं म्हणाल, तर महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालाने दाखवून दिलं की देशातल्या राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना त्या वेळी राष्ट्रीय मान्यता नव्हती.

त्यात २०२३ साली जन विश्वास कायदा आला. असुरक्षित अन्न विकलं पण कुणाला इजा झाली नाही, तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. आता कैद तीन महिन्यांपर्यंत, आणि दंड तीन लाखांपर्यंत. काहींना ही ढिलाई वाटते. काही म्हणतात, दंड वाढला, हे बरंच झालं. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. नमुनाच घेतला नाही, तर सहा महिने काय आणि तीन महिने काय, दोन्ही पुस्तकात राहतात. व्यापाऱ्याला धाक वाटतो तो शिक्षेच्या आकड्याचा नव्हे, सापडण्याचा.

व्यापारी मंडळींची एक तक्रार मात्र खरी आहे. पोतं वरूनच खराब आलेलं असतं आणि पकडला जातो गावचा दुकानदार. चोर सोडून संन्याशाला सुळी, हा न्याय नव्हे. म्हणून तपासणी वरून खाली यायला हवी. आधी गिरणी, मग गुदाम, मग दुकान. आणि ती सणाच्या आधी पंधरा दिवस व्हायला हवी. माणसं दवाखान्यात गेल्यावर दुकानं तपासणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

आपल्या हातात काय आहे? सुटं पीठ घेऊ नये. बंद पाकिटातली भगर घ्यावी, तिच्यावर उत्पादकाचं नाव आणि मुदतीची तारीख बघावी. निवडून, भाजून, लागेल तेवढीच घरी दळावी. सप्ताहाच्या मंडळींनी खरेदीची पावती जपून ठेवावी, म्हणजे माल कुठून आला याचा माग लागतो. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवावं. आणखी एक हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे. कायद्याच्या चाळिसाव्या कलमाप्रमाणे कुणीही गिऱ्हाईक, घेताना दुकानदाराला तसं सांगून, फी भरून मालाची तपासणी करून घेऊ शकतं. माल कायद्याप्रमाणे नाही असं ठरलं, तर ती फी परत मिळते.

पण एवढं करूनही बुरशीचं विष घरच्या डोळ्यांना दिसणार नाही. आपण निवडायचं, पाखडायचं, भाजायचं, हे खरं. तरी सरकारचं काम गृहिणीच्या सुपावर टाकता येणार नाही. ग्रामसभेत पाण्याचा, रस्त्याचा प्रश्न आपण विचारतो. तसाच आणखी एक विचारावा : या नवरात्राआधी आपल्या तालुक्यात भगरीचे किती नमुने घेतले, आणि त्यांचे अहवाल कुठे आहेत? हा प्रश्न अकरा तालुक्यांतून दरवर्षी विचारला गेला, तर पहारेकऱ्याला बाजारात फिरावंच लागेल.