दोघांची सहल, गाडी घरी

पिंपरी-चिंचवड म्हणजे कारखाने आणि वाहतूक कोंडी, तिथे जोडीने पाहायचं काय, असं विचारणाऱ्यांनी चिंचवडगाव पाहिलेलं नसतं. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे आणि १८९७ मध्ये ब्रिटिश अधिकारी रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकर बंधूंचं गावही हेच. दोघांना दुचाकीच स्वस्त, हा आक्षेप पेट्रोलपुरता खरा. पण पुढच्याच्या डोळ्यांसमोर सिग्नल आणि मागच्याच्या नाकात धूर, याला सहल कोण म्हणेल? त्यापेक्षा मेट्रोने जा. ६ मार्च २०२२ला सुरू झालेली पुणे मेट्रो २९ सप्टेंबर २०२४पासून स्वारगेटलाही जोडली गेली. दापोडी ते पिंपरी ती महामार्गाच्या गर्दीवरूनच धावते. पुढे चिंचवडगावापर्यंत रिक्षा पुरते.

जोडीने पाहण्यासारखं दुसरं ठिकाण चाकण; मेट्रो तिथे जात नाही, हे मात्र मान्य. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध जवळपास दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग तिथेच आहे. पण नाशिक महामार्गावर कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि बाजाराचे टेम्पो एकाच वेळी उतरतात, त्यामुळे तिथे वाहनापेक्षा वेळ नीट निवडावी लागते. कंपन्यांची पाळी बदलण्याची वेळ टाळा, आणि चिंचवड-चाकण एकाच दिवसात उरकू नका.