धक्का मुरगावात, वाट लोंढ्यातून

बेळगाव-निपाणीला समुद्र नाही. तरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं ओतकाम परदेशी जातं ते कुठल्यातरी बंदराच्या धक्क्यावरूनच. मोठ्या बंदरांतले पुष्कळ धक्के आज खासगी कंपन्या चालवतात. करारात त्याला ‘कन्सेशन’ म्हणतात, पण ही भाड्यातली सूट नव्हे. आपल्याकडे जमीन वाट्याने कसायला देतात, त्यातलाच हा व्यवहार: मालकी बंदराची, यंत्रं आणि पैसा कंपनीचा, मुदत बहुधा ३० वर्षांची, आणि उत्पन्नातला ठरलेला हिस्सा बंदराला. न्हावा-शेवा बंदरात १९९७ साली खासगी कंटेनर टर्मिनलचा देशातला पहिला करार झाला. पुढे तिथल्या चौथ्या टर्मिनलसाठी सिंगापूरच्या कंपनीने उत्पन्नाचा ३५.७९ टक्के वाटा कबूल केला. सरकारी तिजोरीवर फारसा भार न पडता बंदर वाढलं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण वाटा किती, एवढंच विचारून मालकाचं भागत नाही. पीक कोणतं, आणि पाणी कुणाच्या बांधावरून जाणार, हेही ठरवावं लागतं. गोव्यातल्या मुरगाव बंदरात ५-ए आणि ६-ए हे धक्के जिंदाल समूहाकडे आहेत. तिथे उतरणारा कोळसा कुळे, कॅसलरॉक, लोंढा या मार्गाने बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्याला जातो. लोंढा म्हणजे आपला खानापूर तालुका. कुणी म्हणेल, रेल्वेचं रेल्वे पाहील, बंदराचा काय संबंध? पण मोठ्या बंदरांच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे बंदराच्या मंडळावर रेल्वेचा सदस्य असतो, आणि बंदर ज्या राज्यात आहे त्या राज्याचाही. मुरगावच्या मंडळावर गोव्याची खुर्ची आहे, कर्नाटकाची नाही. ज्याच्या परसामागून वाघिणी जातात, त्याचं म्हणणं मांडायला तिथे कुणी नाही.

अटी वाढवल्या तर गुंतवणूकदार फिरकणार नाही, ही भीतीही ऐकू येते. मला उलट वाटतं. निविदेआधी कळलेली अट कंपनी आपल्या बोलीत धरते. नंतर कोर्टातून आलेली अडचण सगळ्यांनाच महाग पडते. याच मार्गावरच्या कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये रद्द केली. वाट अभयारण्यातून जाते, हा हिशेब आधीच मांडता आला असता.

मुरगावच्या विस्तारावर २०१७ साली वास्कोत जनसुनावणी झाली. यापुढे कोळशाच्या धक्क्यांचे करार होतील, तेव्हा तशीच सुनावणी लोंढ्यातही व्हावी, आणि तिचे कागद मराठी आणि कानडी दोन्हींत आधी गावात पोचावेत.