छऱ्याची बंदूक आणि आपले मंडळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी करंजाडे येथे केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या सेक्टरात दोन घरे फुटली, तेव्हा मंडळाच्या बैठकीत काय गहजब झाला होता तो आपणां सर्वांना आठवत असेल. विमानतळासाठी आपली गावे सोडून येथे आलेल्या बायका, मुंबईची चाळ सोडून आलेल्या आम्ही, सगळ्यांचे पहिल्यांदाच एका विषयावर एकमत झाले, आणि ते असे की मंडळाच्या शिल्लक रकमेतून एक छऱ्याची बंदूक घ्यावी! पुरुषमंडळी रात्रपाळीला गेली म्हणजे बायकांनी काय करावे, हा प्रश्न खोटा नव्हता. मात्र बंदूक घेण्याआधी कोणीतरी ती चालवायला शिकून यावे असे ठरले, आणि मुले मार्गी लागलेली म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. पनवेलजवळच्या एका नेमबाजी वर्गात मी नवशिक्यांचा अभ्यासक्रम पुरा केला. त्याची हकिगत सांगायला आज उभी आहे.

पहिल्या दिवशी छरा दृष्टीससुद्धा पडला नाही. आमची शिक्षिका माझ्या धाकटीच्या वयाची. तिने आधी चार गोष्टी घोकून घेतल्या. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजायचे. नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवायचे. नेम धरेपर्यंत बोट चापाला लावायचे नाही. आणि निशाणाच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याखेरीज बार काढायचा नाही. बंदूक खाली ठेवली की नळीतून भडक रंगाची एक दोरी आरपार घालायची, म्हणजे आत छरा नाही हे लांबूनही दिसावे. “थांबा” असा हुकूम आला की जो जिथे आहे त्याने तिथेच थांबायचे. शाळकरी पोरी हे सगळे मुकाट्याने पाळीत होत्या, ते पाहून मला फार बरे वाटले. घरी याच पोरी आईचा एक शब्द ऐकत नसतील!

आता निशाणाविषयी सांगते. ते दहा मीटरांवर असते. कागदावरचा काळा गोल दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. छरा साडेचार मिलिमीटरांचा. बंदुकीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. एवढे ओझे उभ्याने तोलायचे कसे, या विवंचनेत मी होते. शिक्षिका म्हणाली, “काकू, हाताने उचलू नका. डावे कोपर कमरेवर टेकवा आणि वजन हाडांवर जाऊ द्या.” आणि काय सांगू, ज्या कमरेवर मी माहेरी कळशा वाहिल्या, तिच्यावर ती बंदूक अशी बसली की जणू तिथलीच.

खरी परीक्षा पुढेच आहे. श्वास अर्धा सोडून थांबायचे, तर नेमाचे कडे नाडीच्या ठोक्याबरोबर हलताना दिसते. चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत जायचा. बार निघाल्यावरही क्षणभर तसेच राहायचे. आमच्यातल्या एक ताई एके दिवशी घरचे भांडण डोक्यात घेऊन आल्या, तर त्यांचे छरे कागदभर विखुरले. शिक्षिकेने त्यांना रागे भरले नाही, बंदूक खाली ठेवून पाणी प्यायला सांगितले.

तेव्हा भगिनींनो, जी वस्तू शांत मनाशिवाय चालत नाही, ती मध्यरात्री दार वाजल्यावर थरथरत्या हातात काय कामाची? शर्यतीच्या छऱ्याची गती सेकंदाला सुमारे 170 मीटर असते. त्याने दांडगा चोर अडणार नाही, पण शेजारच्या पोराचा डोळा मात्र कायमचा जाईल. या बंदुकीला परवाना लागत नाही, असे बैठकीत सांगितले गेले. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटर आणि 20 ज्यूल या मर्यादेतल्या बंदुकीपुरते ते खरेही आहे. पण परवाना नको म्हणजे जबाबदारी नको असे नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये दिला आहे. तो बायकांनाही पुरता आहे. परंतु बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर तो हक्क उरत नाही. म्हणून बंदूक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काहींची निराशा होईल, त्याला माझा इलाज नाही.

मग अभ्यासक्रम वाया गेला काय? मुळीच नाही. हा खेळ आपल्या दारातला आहे. राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली निघाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. आणि सुमा शिरूर! 2004 साली त्यांनी आशियाई स्पर्धेत 400 पैकी 400 गुण घेतले, त्याच साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली आणि पुढे आपल्या पनवेललाच नेमबाजीचा वर्ग काढला. चाकांच्या खुर्चीवरून नेम धरणारी अवनी लेखरा त्यांचीच शिष्या. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये 2021 साली तिने सुवर्णपदक मिळवले. पूर्वी बायकांना 40 आणि पुरुषांना 60 बार असत. 2018 पासून दोघांनाही 60. हा बदल मला पदकांइतकाच मोलाचा वाटतो.

माझी सूचना अशी. शिल्लक रकमेचे दोन भाग करावेत. एकातून जिन्यांतले आणि मागच्या गल्लीतले दिवे लावावेत, दारांना साखळ्या बसवाव्यात, आणि प्रत्येक मजल्यावर एकीने दुसरीला फोन करायची साखळी ठरवावी. 112 हा क्रमांक आजींनासुद्धा पाठ हवा. दुसऱ्या भागातून आपल्या चार मुलींची नवशिक्या वर्गाची फी भरावी. दोन मुली जुन्या गावातल्या आणि दोन सेक्टरातल्या असाव्यात, म्हणजे रुसवेफुगवे होणार नाहीत. मुलीला चष्मा असला तरी चालतो. सपाट तळाचे बूट मात्र हवेत. नावे येत्या शनिवारपर्यंत कार्यवाहबाईंकडे द्यावीत. पहिले काही दिवस मुलींबरोबर जायला मी तयार आहे, कारण माझे दहाचे ठिपके अजून बरेच बाकी आहेत.