पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न



परिचयात मला ‘ध्वनितज्ज्ञ’ म्हटलं गेलं. धंद्यात आम्हाला ‘साउंडवाले’ म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज कमीजास्त करणाऱ्या माणसाच्या हातात माइक दिलाय, तेव्हा लांबण लागली तर दोष बोलावणाऱ्यांचा.

दुपारी तुमच्या कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाचं भित्तिपत्रक पाहिलं. मधोमध रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीचं चित्र आहे, पिवळं जॅकेट, वर उगारलेली मूठ. मिशी थोडी मालवणी वळणाची झालीये, पण ऐट बरोबर पकडलीये. त्या चित्राखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘हा आमचा आदर्श? का म्हणून?’ शेजारी दुसऱ्या हस्ताक्षरात ‘तुला काय कळतंय’ आणि त्याखाली तिसऱ्याने थेट शिवी दिलीये. मी लिहून आणलेलं भाषण यशाच्या गुरुकिल्लीवर होतं. ते खिशातच ठेवलं. त्या पेन्सिलवाल्याचा प्रश्न जास्त चांगला आहे.

फ्रेडीचं चित्र वाईच्या कॉलेजात असणं तसं रास्तच. इथून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. झांझिबारमध्ये 1946 साली जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला. फ्रेडी हे नाव त्याला तिथेच पडलं आणि शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँडही त्याने तिथेच काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंड गाठावं लागलं.

आता त्याचे दोष. दारू, कोकेन, रात्ररात्र चालणाऱ्या पार्ट्या हे सगळं खरं आहे. त्याचं कौतुक करायचं कारण नाही, आणि त्यावर कीर्तन करायचंही मला कारण दिसत नाही. त्याने आपला आजार लपवला असाही आरोप होतो. एड्स झाल्याचं त्याने 23 नोव्हेंबर 1991 ला जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. हा दोष मी धरत नाही. ब्रिटिश टॅब्लॉइडवाले दारात तळ ठोकून बसलेले असताना मरणाऱ्या माणसाने आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवलं, तर त्याचा हिशेब मागणारे आपण कोण?

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे आणि पोस्टर लावणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ती ठाऊक असते. ऑक्टोबर 1984 मध्ये ‘क्वीन’ हा त्याचा बँड दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीला जाऊन वाजवून आला. तिथल्या गोऱ्या सरकारने काळ्या माणसांचं नागरिकत्व काढून घेण्यासाठी ‘होमलँड’ नावाचे कागदी देश उभे केले होते. बोफुथात्स्वाना हा त्यातलाच एक. दक्षिण आफ्रिका सोडली तर जगातल्या कुठल्याही देशाने त्याला मान्यता दिली नव्हती. सन सिटी हे त्यातलं चकचकीत कॅसिनो रिसॉर्ट. कलाकारांनी दक्षिण आफ्रिकेत जाऊ नये, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी 1980 च्या डिसेंबरातच केला होता. आपल्या देशाने तर दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो 1946 साली, म्हणजे फ्रेडी जन्मला त्या वर्षी.

क्वीनचं म्हणणं काय, तर आम्ही राजकारणात पडत नाही, आम्ही लोकांसाठी वाजवतो. हे वाक्य मी ग्रीनरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की मी आधी कार्यक्रमाचा प्रायोजक कोण ते बघतो. फ्रेडीचा गळा बसला, काही प्रयोग रद्द झाले. मूकबधिर आणि अंध मुलांच्या तिथल्या एका शाळेसाठी त्यांनी खास रेकॉर्ड काढली, तिचे पैसे शाळेला दिले. चांगलं केलं. पण ज्या व्यवस्थेने त्या मुलांच्या आईबापांना परकं ठरवलं, तिच्याच मांडवात जाऊन वाजवल्याची भरपाई देणगीने होत नाही. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव गेलं. ज्याच्या स्वतःच्या घरच्यांना परागंदा व्हावं लागलं, त्याला हे कळू नये याचं मला आजही नवल वाटतं.

आणि यानंतर नऊ महिन्यांनी, 13 जुलै 1985 ला, हाच बँड वेम्बलीला ‘लाइव्ह एड’मध्ये इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी उभा राहिला. ते चित्रीकरण तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंच असेल. मी साउंडवाल्याच्या डोळ्यांनी पाहतो. भर दुपारी सुरू झालेला कार्यक्रम, एकामागून एक बँड, फिरता रंगमंच, स्वतःचा असा साउंडचेक नाही, प्रत्येकाला वीसेक मिनिटं. अशा ठिकाणी मोठमोठे लोक ‘जाऊ आणि वाजवू’ म्हणून येतात आणि पहिली दोन गाणी मॉनिटरकडे बघून हातवारे करण्यात घालवतात. क्वीनने आधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये वेळ लावून तालीम केली होती. कुठलं गाणं किती कापायचं, कुठून कुठे उडी मारायची, सगळं बसवलेलं. सत्तर हजार माणसं एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवताना दिसतात ती त्या तालमीमुळे. पाचगणीच्या पियानोपासून तिथवर एक सलग रेघ आहे, आणि त्या रेघेवर कोणी चालणार असेल तर मी पहिला त्याची पाठ थोपटेन. सन सिटीचा माणूस आणि वेम्बलीचा माणूस मात्र एकच आहे. एक ठेवून दुसरा फाडून टाकता येत नाही.

फ्रेडी तसा सोपा होता. आता अवघड माणूस घेऊ. तुमच्यातल्या गिटारवाल्यांनी कान द्या, कारण त्याचं नाव एरिक क्लॅप्टन.

क्लॅप्टन जे काही शिकला ते अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज वादकांकडून. रॉबर्ट जॉन्सन त्याचं दैवत. 1974 मध्ये अमेरिकेत त्याचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं तेही जमैकाच्या बॉब मार्लीचं, ‘आय शॉट द शेरिफ’. आणि 5 ऑगस्ट 1976 ला बर्मिंगहॅमच्या ओडियनमध्ये, दारूच्या नशेत, त्याने स्टेजवरून विचारलं की श्रोत्यांत कोणी परदेशी आहेत का. मग सांगितलं की त्यांनी या सभागृहातून आणि या देशातूनही चालतं व्हावं. इनॉक पॉवेल या स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणाऱ्या पुढाऱ्याची तारीफ केली. ही बडबड कोणत्या हवेत झाली तेही बघा. दोनच महिन्यांपूर्वी लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा वंशद्वेषातून भोसकून खून झाला होता. तुमच्याच वयाचा मुलगा. खाल्ल्या घरचे वासे मोजणे म्हणतात ते हेच, फक्त इथे वासे मोजणारा ते घरच पेटवायला निघालेल्यांच्या पंगतीत जाऊन बसला.

नशेत होता, मान्य. पण दारू उतरल्यावरही पुढची कित्येक वर्षं तो पॉवेलची बाजू घेत राहिला, तेव्हा सगळं दारूच्या नावावर मांडता येत नाही.

आता पुढे जे झालं त्यासाठी मी हा विषय काढला. रेड साँडर्स नावाचा एक छायाचित्रकार आणि त्याचा मित्र रॉजर हडल, दोघेही या संगीतावर वाढलेले. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं. तुझं अर्धं संगीत काळ्यांचं आहे याची क्लॅप्टनला आठवण करून दिली, आणि वाचकांना हाक दिली की वंशद्वेषाविरुद्ध रॉकवाल्यांनी एकत्र यावं. उत्तरं शेकड्यांनी आली. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 ला ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला. तिथे ‘द क्लॅश’ आणि ‘स्टील पल्स’, म्हणजे गोरे पंक आणि काळे रेगेवाले, एकाच स्टेजवर वाजवत होते, आणि समोर ऐंशी हजारांच्या आसपास पोरंपोरी होती.

बर्मिंगहॅमच्या त्या रात्रीतून कोणी आदर्श म्हणून निघालं असेल, तर ते हे पत्र लिहिणारे. आपल्याकडे चाहता म्हणजे काय, तर कटआउटला दुधाचा अभिषेक करणारा, नाहीतर आवडत्या माणसाबद्दल वावगं कानावर आलं की रात्रभर मोबाइलवर लोकांना शिव्या घालणारा. चुकलास म्हणून तोंडावर सांगणारा चाहता आपल्याला गद्दार वाटतो. मी तीस-चाळीस फुटांवरून मोठमोठ्या कलाकारांना पाहत आलोय. दुरून डोंगर साजरे. ज्यांच्या एका तानेवर सभागृह हळवं होतं अशा एका गायकाला मी केबल टाकणाऱ्या पोराच्या अंगावर पाण्याची बाटली भिरकावताना पाहिलंय. नाव सांगत नाही, टाळ्या वाजवून विचारलंत तरी सांगणार नाही. त्यांच्यासोबतच्या सगळ्यांनी हसून साजरं केलं. त्या संध्याकाळी मला त्यांच्या गाण्याचा राग आला नाही, त्या हसणाऱ्यांचा आला.

क्लॅप्टनची गोष्ट तिथे संपत नाही, आणि पेन्सिलवाल्या मित्राला ती इथे थोडी गैरसोयीची होईल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा माणूस हेरॉइनमध्ये बुडालेला होता. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कला कार्यक्रम केला, त्यात क्लॅप्टन होता. नशा न मिळाल्याने पार ढासळलेल्या अवस्थेत. चित्रीकरणात त्याच्या हातातली गिटार बघा. रॉकच्या सोलोला नेहमीची भरीव अंगाची सोडून त्याने पोकळ अंगाची गिटार घेतली होती. ही निवड चुकली असं पुढे तो स्वतःच म्हणाला. नशेने प्रतिभा फुलते असं सांगणारे सीनियर प्रत्येक कॉलेजात असतात, तुमच्याकडेही असतील. त्यांना सांगा, त्यानंतरची दीडेक वर्षं हा जगातला नावाजलेला गिटारवाला घरात दार लावून बसला होता, आणि 1973 च्या जानेवारीत पीट टाउनशेंड या गिटारवादक मित्राने त्याला अक्षरशः ओढून लंडनच्या रेनबो थिएटरच्या स्टेजवर आणला.

हेरॉइन सुटलं तर दारू लागली. 1982 मध्ये उपचार घेतले, पुन्हा घसरला. 1987 मध्ये पुन्हा उपचार, आणि या वेळी सुटली ती सुटली. 1991 मध्ये त्याचा साडेचार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये त्रेपन्नाव्या मजल्यावरून पडून गेला. तेव्हाही त्याने बाटलीला हात लावला नाही. 1998 मध्ये त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी आपल्या शंभर गिटारी लिलावात काढल्या. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला कधीच न घसरलेल्या सज्जनाचा काय उपयोग? त्याला दोनदा पडून उठलेलाच हवा असतो. त्या एका बाबतीत क्लॅप्टनसारखा धडा नाही.

म्हणजे याने ते बर्मिंगहॅम धुऊन निघालं का? नाही. साउथॉलच्या त्या घरातल्या लोकांना त्याच्या व्यसनमुक्तीने काय फरक पडला? खूप वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने आपल्या जुन्या बोलण्याची लाज वाटते असं सांगितलं. उशिरा का होईना, सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत आणि त्यांची वजाबाकी मला करता येत नाही.

कोणी विचारेल, मग सगळंच चालवून घ्यायचं का? अजिबात नाही. गॅरी ग्लिटरचं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकातला मोठा स्टार. 2015 मध्ये लहान मुलींवरच्या अत्याचारांसाठी त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. माझ्या कार्यक्रमात मध्यंतराला त्याचं गाणं वाजत नाही. तिथे दोष बिष काही नाही, तो सरळ गुन्हा आहे, आणि ‘कलाकार अवलिया असतात’ हे पालुपद तिथे कोणी आळवलं तर मी आवाजाचा फेडर खाली ओढतो.

प्राचार्य घड्याळाकडे बघतायत. बक्षिसं व्हायची आहेत, आणि त्यानंतर तुमचा बँड वाजवणार आहे. मघाशी पडद्यामागून तालीम ऐकली. ‘आय शॉट द शेरिफ’ बसवलंय, क्लॅप्टनच्या वळणाने. बेस थोडा पुढे आहे, तो मी बघतो. सूत्रसंचालकांच्या हातातल्या कागदावर मात्र त्या गाण्यापुढे फक्त एरिक क्लॅप्टन लिहिलंय. ते कृपया दुरुस्त करा, आणि बॉब मार्लीचं नाव आधी घ्या.