गाळलेला रंग जातो कोठे?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त घोडेगाव येथे दिलेले भाषण)



पाणी गाळून पिणे हा आपल्या आचाराचा पहिला धडा. त्यातील अर्धाच आपल्या लक्षात राहिला आहे. फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. या जीवाणीच्या विधीवाचून गाळणे पूर्ण होत नाही. गाळून निघाले त्याचे पुढे काय, हाच प्रश्न मी आज कापडाच्या रंगाबाबत विचारणार आहे, कारण आपल्यातील अनेक कुटुंबे कापडाच्या व्यापारावर वाढली.

आपल्या घोडनदीवरील डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्याचे. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाची मोटार अडविताना त्यांनी प्राण दिले. पुढे कापड स्वदेशी झाले, पण त्याच्या रंगाचे पाणी कोणाच्या नदीत जाते, हे गादीवर बसून दिसत नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि नगरी वैभवाला चढली. तेथील रंगप्रक्रियेच्या सांडपाण्याने पंचगंगेला दिलेला उपद्रवही सर्वश्रुत आहे. धुण्याने, उन्हाने उडू नये म्हणून रंग टिकाऊ केलेला असतो. तोच टिकाऊपणा नदीच्या मुळावर येतो.

नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा हा रंग उत्तम शोषतो. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो! परंतु कोळसा तृप्त झाला की रंगाने भरलेला ढीग उरतो. पाण्यातील दोष जमिनीवर आला, एवढेच.

येथे प्रकाश-उत्प्रेरक उपयोगी पडतो. टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगलेपात वापरले जाणारे साधे द्रव्य. त्यावर अतिनील किरण पडले की पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात. १९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी या द्रव्यावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखविले, तेव्हापासून या संशोधनाला वेग आला. मूलक क्षणजीवी असल्याने रंग अगदी निकट असावा लागतो. म्हणून कोळशावर त्याचा पातळ लेप देतात: कोळसा रंग ओढून आणतो, लेप तो जाळतो.

मात्र यास रामबाण समजू नये. सूर्यप्रकाशात अतिनील अंश सुमारे पाच टक्केच. गडद पाण्यात प्रकाश शिरत नाही, कोळशाच्या आतील छिद्रांत तर मुळीच पोहोचत नाही. रंग दिसेनासा झाला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरू शकतात. नुसत्या डोळ्यांनी पारख करणे फसवे आहे. शिवाय हे मूलक जंतूंनाही मारतात, ही गोष्ट आपल्या सभेत लपवून चालणार नाही. म्हणून याची जागा नदीत वा विहिरीत नव्हे, तर कारखान्याच्या आत, इतर शुद्धीकरणानंतरच्या शेवटच्या टाकीत.

तेथवर खर्च येतो आणि लहान रंगारी तो एकटा पेलू शकत नाही. माल घेताना आपण भाव विचारतो, पक्का रंग विचारतो. त्याच बैठकीत रंगाचे पाणी कोठे सोडता हेही विचारावे, आणि उत्तर समाधानकारक असेल तर मीटरमागे चार पैसे अधिक मोजण्याची तयारी ठेवावी.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.