हलकें विमान कीं भारी विमान?



विमानाची निवड हा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावयास घ्यावा, याचें आपणांस नवल वाटेल. मीं विमान कधीं चालविलेलें नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. वाळूजच्या बाजूस त्याचा लहानसा कारखाना आहे, आणि विमान चालविण्याचा परवाना त्यानें मोठ्या हौसेनें मिळविला आहे. दोन मित्रांच्या भागींत एक लहान विमान घ्यावें, असें त्याच्या मनांत होतें. "सर, दोन आसनांचें हलकें घेऊं, कीं चार आसनांचें भारी?" असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "अरे, मला विमान कळत नाहीं, त्रैराशिक कळतें. तूं आंकडे सांग." त्या दिवशींचें गणितच आज आपणांपुढें मांडतों.

हलकें म्हणजे किती हलकें? २००४ सालीं अमेरिकेनें हलक्या क्रीडाविमानांचा एक वर्ग ठरविला. आसनें दोन, एंजिन एक, आणि माणसें व पेट्रोल धरून एकूण वजन ६०० किलोंच्या आंत, अशी त्याची व्याख्या होती. आपल्याकडे मात्र असलें विमान त्यापूर्वींच होतें. जर्मनींत प्रांटल यांच्या हाताखालीं शिकून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत दोन्ही जातींचीं विमानें तयार झालीं. १९५१ सालीं उडालेलें 'एच. टी. २' हें सुमारें १००० किलोंचें व १५५ अश्वशक्तीचें होतें. १९५८ सालीं उडालेलें 'पुष्पक' सुमारें ६१० किलोंचें व ९० अश्वशक्तीचें होतें. देशांतल्या वैमानिक मंडळांतून कित्येक तरुण या पुष्पकावरच उडावयास शिकले.

आतां पहिला गैरसमज पाहूं. भारी तें जास्त जोरकस, असें आपणांस वाटतें. भागाकार करून पाहा. पुष्पकाच्या एका अश्वशक्तीवर सुमारें पावणेसात किलो भार पडे, एच. टी. २ वर साडेसहा. आजचें ६०० किलोंचें, १०० अश्वशक्तीचें हलकें विमान घेतलें तर सहा किलो. आणि ११५७ किलोंचें, १८० अश्वशक्तीचें चार आसनांचें सेसना १७२ घेतलें तर पुन्हां साडेसहाच्या आसपास. म्हणजे वजन दुप्पट झालें, पण जोर कांहीं शिल्लक उरला नाहीं.

आणि हा जोर सदा सारखा राहत नाहीं. आपलें चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारें ५८० मीटर उंचीवर आहे. वैशाखांतल्या दुपारीं पारा ४० अंशांवर गेला कीं हवा इतकी विरळ होते कीं, विमानाच्या दृष्टीनें तें एखाद्या अतिशय थंड दिवशीं कळसूबाईच्या शिखरावरच उभें असतें! एंजिनाच्या शक्तीचा सुमारें सातवा हिस्सा तेथेंच नाहींसा होतो. शिवाय जमीन सोडण्यास अधिक वेग लागतो, धांवही लांबते. विमान हलकें असो वा भारी, या दंडांतून कोणीहि सुटत नाहीं.

दुसरा गैरसमज आसनांचा. चार आसनांच्या त्या सेसनाचें रिकामें वजन सुमारें ७६० किलो. म्हणजे आंत घालावयास राहिले सुमारें ४०० किलो. टाक्या भरल्या तर पेट्रोलच १४५ किलो होतें. उरलेल्या २५५ किलोंत ऐंशी-ऐंशी किलोंचीं माणसें बसतात तीन. चौथें बसवावयाचें, तर तितकें पेट्रोल कमी घेतलें पाहिजे. हलक्या विमानाचें रिकामें वजन ३८० किलो धरा. दोन माणसें व पंधरा किलोंचें सामान घेतलें कीं पेट्रोलास ४५ किलो, म्हणजे सुमारें ६२ लिटर, एवढीच जागा राहते. तासाला वीस लिटर धरले तर तीन तास. आणि त्यांतील एक तास राखून ठेवावा हें शहाणपण.

भारी विमानाची बाजूहि सांगितली पाहिजे. पंखाच्या दर चौरस मीटरवर पुष्पकाचा भार सुमारें ३८ किलो, सेसनाचा ७१. त्यामुळें दुपारच्या झोतांत व आडव्या वाऱ्यांत भारी विमान कमी हेलकावतें. परंतु तें तासाला पस्तीस लिटरच्या आसपास इंधन घेतें, आणि तेंहि विमानाचें खास पेट्रोल. हलक्या विमानांतील पुष्कळ एंजिनें मोटारीच्या पेट्रोलावर चालतात खरीं. पण पंपावरील पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि या एंजिनांना दहा टक्क्यांवर तें सहसा मानवत नाहीं. म्हणून तेंहि विचारून घ्यावें.

मग मीं त्याला विचारलें, "वर्षांतून किती दिवस तुम्ही चौघे उडणार?" तो जरा थांबला. "आई-वडिलांना एकदां न्यावें असें फार मनांत आहे, सर. पण खरें सांगायचें तर चारपांच दिवस. एरव्हीं सकाळीं मी एकटा, नाहींतर आम्ही दोघें." उत्तर त्यानें स्वतःच दिलें होतें. पन्नास दिवसांसाठीं हलकें विमान घ्यावें. त्या पांच दिवसांसाठीं आगगाडी आहे.

तरी एका गोष्टीची मला काळजी वाटली व ती मीं बोलून दाखविली. भीड भिकेची बहीण, असें आपण म्हणतों. विमानतळावर एखादा मित्र जड पिशवी घेऊन येतो, कोणी पाहुणा "दुपारीं निघूं, ऊन उतरेल" म्हणतो, आणि आपण भिडेस्तव होकार देतों. मित्र, पाहुणे भीड घालतात. हवा आणि वजन कोणाची भीड धरीत नाहींत. २०२५ सालीं अमेरिकेनेंहि ती ६०० किलोंची अट सोडण्याचा व विमान किती मंद वेगापर्यंत सांवरून राहतें ही कसोटी मुख्य मानण्याचा निर्णय केला. आंकडे असे बदलतात. परंतु निघण्यापूर्वीं कागदावर बेरीज करावी, व ती जमली नाहीं तर "आज नाहीं" म्हणावें, हा नियम दोन्ही विमानांस सारखाच लागू आहे.

जातांना तो म्हणाला, "सर, पहिल्या उड्डाणाला आपण चला." मीं म्हटलें, "येईन. पण आधीं माझें वजन कर."