बटण दाबण्यापूर्वी



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा यंदा कारखान्यात लागेल. ‘काम सोपे आहे, बटण दाबायचे’, असे त्याला सांगितले जाईल. या एका वाक्यापायी किती बोटे गेली, ते प्रेस शॉपमधल्या माणसांचे हात हातात घेऊन मी पाहिले आहे. म्हणून आज पगारवाढीवर बोलत नाही.

लेथ घ्या. पहिला धडा यंत्र चालू करण्याचा नव्हे, बंद करण्याचा. लाल बटण न पाहता हाताला सापडले पाहिजे. चक आवळला की चावी त्यात क्षणभरही ठेवायची नाही. ती तशीच राहून यंत्र सुरू झाले, तर गोळीसारखी सुटते. फिरत्या जॉबजवळ हातमोजे नकोत. याचे नवल वाटेल. पण मोजा अडकला की तो आपल्याबरोबर हातही ओढून नेतो. कीस काढायचा तो आकडीने किंवा ब्रशने, आणि यंत्र थांबवून.

मग मोजमाप. व्हर्निअरच्या सरकत्या पट्टीवर 49 मिलिमीटरचे 50 भाग पाडलेले असतात. म्हणजे तो एक भाग मुख्य पट्टीवरच्या मिलिमीटरहून 0.02 ने लहान, आणि तेवढे बारीक माप वाचता येते. यात जादू कसली? साधी वजाबाकी आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या पोरांना मी ती जेवणाच्या सुट्टीत फरशीवर खडूने शिकवतो. गोल जॉबमध्ये टूल अर्धा मिलिमीटर आत गेले की व्यास एक मिलिमीटरने घटतो, हे ज्याला उमगले नाही तो जॉब भंगारात घालतो. सीएनसी आले म्हणून यातून सुटका नाही. टूल झिजले की माप सरकते, आणि ते मोजणाऱ्यालाच कळते.

प्रेसला दोन बटणे असतात ती दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून. उत्पादन वाढवण्यासाठी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले मी पाहिले आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 23 व्या कलमाने, धोका समजावल्याखेरीज, आणि पुरेसे शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्याखेरीज, तरुण कामगाराला धोक्याच्या यंत्रावर ठेवण्यास मनाई केली होती. पण मुलगा कागदावर हेल्पर असतो आणि दुसऱ्याच आठवड्यात प्रेसवर बसतो!

तेव्हा पगार विचाराल तेव्हा, शिकवणार कोण, हेही विचारा. त्याचे नाव मागा. नाव मिळाले नाही तर मुलाला आमच्या कचेरीत पाठवा. आज व्हर्निअर बरोबर आणले आहे. ज्यांना वाचून पाहायचे असेल त्यांनी सभेनंतर इकडे यावे, भगिनींनीही यावे.